खुर्चीच्या नळीतलं पाणी

दातांच्या दवाखान्यात हातमोजे, मास्क, ऑटोक्लेव्हमधून निघालेली सीलबंद हत्यारं हे सगळं पेशंटला दिसतं. पाणी दिसत नाही. दात कोरायचा एअरोटर फिरू लागला की दात तापू नये म्हणून त्याच्या टोकातून फवारा उडतो. स्केलिंग करताना, कॅपसाठी दात घासताना, थ्री-वे सिरिंजने तोंड धुताना हेच पाणी वापरात असतं. त्यातलं थोडं गिळलं जातं, थोडं तुषार होऊन श्वासात जातं. पेशंटच्या जातं तसं आम्हा डॉक्टरांच्या आणि मदतनिसांच्याही जातं. एअरोटर आपण ऑटोक्लेव्हमध्ये घालून निर्जंतुक करतो आणि मग तो ज्या नळीला जोडतो, ती नळी वर्षानुवर्षं आतून कुणी बघितलेली नसते. दातांची डॉक्टर म्हणून मला हे फार खटकतं.

मेकॅनिक खुर्चीची जुनी नळी बदलायला आला की काढलेला तुकडा मी टाकू देत नाही. ब्लेडने उभा चिरून बघते. बाहेरून नळी ठीकच असते, फार तर जराशी पिवळट. आतून बोट फिरवलं की बुळबुळीत लागतं. चार दिवस न घासलेल्या माठाला आतून हात लावला की लागतं ना, अगदी तसं. हा जिवाणूंचा थर, बायोफिल्म. पाण्यातले थोडे जिवाणू भिंतीला चिकटतात, स्वतःभोवती चिकट पदार्थ सोडतात, त्यात आणखी येऊन अडकतात. एकदा थर धरला की औषध वरवर काम करतं, खालपर्यंत पोचायला त्याला वेळ लागतो. थराचे तुकडे सुटून पाण्याबरोबर पुढे जात राहतात.

हा थर या नळ्यांत इतक्या लवकर का धरतो, ते साध्या हिशेबाने कळतं. नळीचं आतलं छिद्र दोन मिलिमीटर धरलं, तर एक मीटर नळीत मावतं जेमतेम ३ मिलिलिटर पाणी. तेवढ्याशा पाण्याला लागून असलेली भिंत भरते सुमारे ६३ चौरस सेंटिमीटर. लिटरभराच्या बाटलीत प्रत्येक थेंबाच्या वाट्याला जेवढी भिंत येते, त्याच्या तीसपट ही भिंत झाली. शिवाय वाहत्या पाण्याचा वेग नळीच्या मधोमध असतो, भिंतीलगत पाणी जवळपास थांबलेलंच असतं. दुपारी आणि रात्री दवाखाना बंद असताना तर सगळंच पाणी थांबतं आणि खोलीच्या तापमानाला येतं. त्यात एअरोटर थांबताना पेशंटच्या तोंडातलं थोडं पाणी आणि लाळ मागे ओढली जाऊ शकते. ती अडवायला झडप असते, पण झडपही झिजते आणि तीही तपासावी लागते.

"आम्ही आरओचंच पाणी वापरतो," असं अनेक दवाखान्यांत अभिमानाने सांगितलं जातं. बोअरच्या जड पाण्याने एअरोटरची बारीक छिद्रं क्षाराने बुजतात, त्यावर आरओ हा चांगलाच उपाय आहे. पण आरओच्या यंत्रात नळाच्या पाण्यातलं क्लोरीन निघून जातं. असं पाणी टाकीत आणि पुढे नळीत उभं राहिलं की त्याला राखण उरत नाही. बाटलीबंद पाण्याचंही तेच. पाणी आत शिरताना कितीही चांगलं असलं, तरी ते बिघडतं नळीत.

म्हणून खरं काम रोजचं आहे आणि कंटाळवाणं आहे. सकाळी पहिला पेशंट यायच्या आधी खुर्चीची बाटली ताज्या पाण्याने भरायची, त्यात कंपनीने सांगितलेल्या मापात जंतुनाशक गोळी टाकायची. मग एअरोटर वगैरे हँडपीस न लावता प्रत्येक नळी स्पिटूनवर धरून पॅडल दाबायचं, दोन मिनिटं. एअरोटरची, स्केलरची, सिरिंजची, प्रत्येकाची वेगळी. दोन पेशंटच्या मध्ये वीस ते तीस सेकंद. संध्याकाळी बाटली काढून रिकामी करायची, नळ्यांतून हवा मारून पाणी काढून टाकायचं आणि बाटली उपडी करून वाळवायची. आमच्या मदतनीस ताई नवीन होत्या तेव्हा म्हणाल्या, "मॅडम, पाणी तर काचेसारखं दिसतंय, एवढं कशाला वाया घालवायचं?" प्रश्न रास्त होता, उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या गावात तर अधिकच. त्यांना मी नळीचा चिरलेला तुकडा हातात दिला. आता स्केलरची नळी राहिली तर त्याच मला आठवण करतात.

मात्र नुसतं पाणी सोडून थर निघत नाही. रात्रभर साठलेले सुटे जिवाणू तेवढे कमी होतात. थर मोडायला ठरावीक अंतराने नळ्यांत तीव्र औषध भरून ठेवावं लागतं आणि नंतर नळ्या भरपूर धुवाव्या लागतात. काही जण यासाठी हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, वापरतात. हायपो धातू खातो, म्हणून खुर्चीच्या कंपनीला विचारल्याशिवाय तो भरू नये.

आणि मग तपासणी. इथे एक मोठी फसगत होते. निर्जंतुक बाटलीत नमुना घेऊन तो जवळच्या पॅथॉलॉजी लॅबला दिला की तिथे बहुधा माणसाच्या शरीराच्या तापमानाला, ३७ अंशांवर, दोन दिवस कल्चर लावतात. रिपोर्ट येतो 'नो ग्रोथ' आणि सगळे निश्चिंत होतात. नळीतले बरेच जिवाणू थंड, उपाशी पाण्यात रुळलेले असतात. त्यांना आर-टू-ए नावाचं बेताच्या पोषणाचं माध्यम लागतं, खोलीच्या आसपासचं तापमान लागतं आणि पाच ते सात दिवस थांबावं लागतं. नमुन्यात क्लोरीन असेल तर ते मारायला बाटलीत आधी सोडियम थायोसल्फेट हवं, नाहीतर वाटेतच जिवाणू मरतात आणि आकडा खोटा येतो. अमेरिकेच्या सीडीसीने २००३ मध्ये दिलेली मर्यादा आहे मिलिलिटरमागे ५०० जिवाणू-वसाहती.

ही मर्यादा किती ओलांडली जाऊ शकते, ते २०१५ मध्ये जॉर्जियातल्या एका बालदंत दवाखान्यात दिसलं. दुधाच्या दाढेची नस काढलेल्या मुलांना मायकोबॅक्टेरियम ॲबसेसस या जिवाणूचा संसर्ग झाला, मुलांना रुग्णालयात ठेवावं लागलं. खुर्च्यांच्या पाण्यात मिलिलिटरमागे सरासरी ९१ हजारांवर वसाहती सापडल्या. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइममध्ये साठहून अधिक मुलांना असाच त्रास झाला. २०११ मध्ये इटलीत ८२ वर्षांच्या एक बाई लिजिओनेला न्यूमोनियाने दगावल्या. त्यांच्या फुप्फुसातला जिवाणू दवाखान्यातल्या खुर्चीच्या पाण्यातल्या जिवाणूशी जुळला. अशा घटना विरळ आहेत, हे खरं. पण वयस्क, मधुमेही, केमो चालू असलेले पेशंट आपल्या खुर्चीत रोज बसतात.

अक्कलदाढ कापून काढताना किंवा इम्प्लांट बसवताना तर खुर्चीचं पाणी वापरूच नये, ते कितीही स्वच्छ ठेवलेलं असो. तिथे हाड उघडं असतं. निर्जंतुक सलाइन, तेही निर्जंतुक नळीतून किंवा सिरिंजने, एवढंच चालतं.

पुढच्या वेळी दात दाखवायला जाल तेव्हा डॉक्टरांना दोन प्रश्न जरूर विचारा: खुर्चीच्या नळ्यांना कोणतं औषध वापरता, आणि पाणी शेवटचं कधी तपासलं? विचारण्यात संकोच करू नका. जो दवाखाना हे काम करतो, तो तुम्हाला नोंदींची वही काढून दाखवील.