गुंतवणुकीसाठी फ्लॅट घेताना

राहायचं घर मनाला पटलं की घेतात. गुंतवणुकीचं घर हिशेबाला पटलं तरच घ्यावं. 80 लाखांचा फ्लॅट महिना 20 हजार भाड्याने जात असेल, तर वर्षाचं उत्पन्न 2 लाख 40 हजार, म्हणजे 3 टक्के. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स, मालमत्ता कर आणि भाडेकरूविना रिकामे जाणारे महिने वजा करा. गृहकर्जाचं व्याज याहून बरंच जास्त असतं. उरलेली सारी भिस्त भाव वाढण्यावर, म्हणून जागेची निवड महत्त्वाची.

'इथून मेट्रो जाणार आहे' या आश्वासनापेक्षा चालू झालेला मार्ग, नळाचं पाणी आणि जवळचे रोजगार पाहा. उन्हाळ्यात किती टँकर येतात, हे शेजारच्या सोसायटीच्या वॉचमनला विचारा. परिसरातले व्यवहार कोणत्या किमतीला नोंदले गेले, ते नोंदणी विभागाच्या 'इंडेक्स टू'मध्ये दिसतं.

बांधकाम चालू असेल तर राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या, म्हणजे महारेराच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाची नोंद तपासा: ताबा देण्याची तारीख, मंजूर नकाशे, जमिनीवरचा बोजा, चालू खटले. 2016च्या रेरा कायद्यानुसार विक्रीकरार नोंदवण्याआधी बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. दराची तुलना कार्पेट एरियावरच करा. बांधकाम चालू असलेल्या घरावर साधारणपणे 5 टक्के जीएसटी लागतो, परवडणाऱ्या श्रेणीत 1 टक्का. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावर विकलेल्या घरावर तो नाही. मुद्रांक शुल्क मात्र दोन्हींना.

भोगवटा प्रमाणपत्राविना ताबा घेऊ नका. आणि टोकन देण्याआधी कागदपत्रं स्वतःच्या वकिलाला दाखवा, बिल्डरच्या नव्हे.