माणसांचा पूल गाड्यांच्या पुलापेक्षा अवघड का?

सदाशिव पेठेतून डेक्कनला जाताना झेड ब्रिज लागतो. त्यावर चारचाकीला बंदी. मग असा पूल बांधणं सोपं असेल, नाही का? हिशोब करून बघू.

५० मीटर लांब आणि २ मीटर रुंद पूल धरा. त्यावर एकामागे एक लहान कार लावल्या तर साधारण १४ बसतील. एकेक ८०० किलोची धरली तर झाले ११ टन. आता तिथे गणपतीतली गर्दी आणा. इंडियन रोड्स काँग्रेसचे नियम गर्दीच्या जागी दर चौरस मीटरला ५०० किलो भार धरायला सांगतात, म्हणजे सुमारे ७ माणसं. आपल्या पुलावर झाले ५० टन! मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल १५ जून २०२५ ला, रविवारी, पर्यटकांच्या गर्दीत कोसळला. ४ जणांचा जीव गेला.

आणि नुसतं वजन नाही, ताल पण असतो. आपण सेकंदाला साधारण २ पावलं टाकतो. अंग डावी-उजवीकडे झुकतं, त्यामुळे पुलाला सेकंदाला एकदा आडवा हिसका बसतो. पुलाची स्वतःची डोलायची गती तेवढीच असेल तर झोपाळ्यासारखं होतं, नेमक्या वेळी ढकललं की झोका वाढतच जातो. लंडनचा मिलेनियम ब्रिज १० जून २००० ला उघडला आणि दोन दिवसांत बंद करावा लागला. पूल जरासा हलला, तोल सांभाळायला लोक नकळत त्याच तालात चालायला लागले, म्हणून तो आणखी हलला. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला फीडबॅक लूप म्हणतो. शेवटी ८९ डँपर बसवले (बाइकच्या शॉकॲब्सॉर्बरचे भाऊबंदच) आणि २००२ मध्ये पूल परत सुरू झाला.

सायकलवाल्यांची अडचण वेगळी, चढाची. रस्त्यावरून जाणारा पूल ६ मीटर उंच असेल आणि चढ १:२० चा हवा असेल, तर एका बाजूलाच १२० मीटर रॅम्प लागतो. पेठेत कुठून आणणार एवढी जागा? मग जिना लावतात, आणि माझ्या मते तिथेच तो सायकलचा पूल राहत नाही. नदीवर हे गणित बरं जमतं, कारण काठ मुळातच उंच असतात.

पुलाचं डोलणं फोनवर मोजता येतं. फायफॉक्स हे जर्मनीतल्या आखन विद्यापीठाचं मोफत ॲप घ्या, त्यात ॲक्सेलरोमीटरचा स्पेक्ट्रम उघडा. एखाद्या लांब, सडपातळ लोखंडी पुलाच्या मध्यावर फोन जमिनीवर सपाट ठेवा आणि आजूबाजूला कोणी चालत नसताना आलेखातलं टोक बघा. जाड काँक्रीटवर फारसं काही दिसणार नाही. फोन कठड्यावर मात्र ठेवू नका, खाली मुठा आहे.