हबीब गोर्गी : जलरंगांपासून हर्रानियाच्या मागापर्यंत

इजिप्तच्या आधुनिक कलेची गोष्ट बहुतेक वेळा महमूद मुख्तार यांच्या 'नहदत मिस्र' या शिल्पापासून सुरू होते. १९२८ साली कैरोच्या रेल्वे स्टेशनसमोर ते मोठ्या थाटात उभं राहिलं. त्याच वर्षी हबीब गोर्गी या जलरंगातल्या चित्रकारानं कलाप्रसारासाठी एक मंडळ काढलं. त्याचा फारसा गाजावाजा झाला नाही. पण गोर्गींच्या कामाचा पल्ला पाहिला, तर त्यांच्या वाट्याला आलेली उपेक्षा मनाला लागते.

गोर्गी (१८९२-१९६५) पेशानं चित्रकलेचे शिक्षक. इंग्लंडमध्ये शिकून आलेले, त्यामुळे पारदर्शक जलरंगांची शिस्त अंगी बाणलेली. या पद्धतीत पांढरा रंग लावत नाहीत. कागद कोरा सोडायचा, तोच उजेड. पातळ रंगाचा हात, म्हणजे वॉश, दिला की तो वाळेपर्यंत थांबायचं. चुकलं तर तैलरंगासारखं वरून झाकता येत नाही.

त्या काळी शाळेतली चित्रकला म्हणजे नमुना समोर ठेवून केलेली नक्कल. गोर्गींना ते मान्य नव्हतं. कला मुलाच्या आतच असते, मोठ्यांनी लुडबुड केली नाही तर ती आपसूक बाहेर येते, ही त्यांची ठाम श्रद्धा. त्यांनी गावाकडच्या मुलांच्या हाती माती दिली. नमुना दाखवला नाही, घडवलेलं सुधारून दिलं नाही.

ही श्रद्धा त्यांचे जावई रामसेस विस्सा वासेफ यांनी पुढे नेली. पॅरिसमध्ये वास्तुकला शिकलेल्या विस्सा वासेफ यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी गिझाजवळच्या हर्रानिया गावात विणकाम केंद्र उभारलं. गावातलीच मुलं मागावर बसली. नियम तीनच : आधी रेखाटन करायचं नाही, बाहेरच्या चित्रांची नक्कल करायची नाही, मोठ्यांनी टीका करायची नाही. यातला पहिला नियम तर, चूक झाकायची सोयच नसलेल्या जलरंगवाल्याच्या घरातच सुचावा असा.

मागावर काय होतं ते पाहिलं की या नियमाचं धाडस कळतं. उभ्या ताण्यावर चित्र खालून वर चढत जातं आणि विणून झालेला भाग मागाच्या खालच्या तुळईवर गुंडाळला जातो. ताडाच्या झाडाचा शेंडा विणायची वेळ येते तेव्हा बुंधा नजरेआड गेलेला असतो. अख्खं चित्र त्या मुलाच्या डोक्यात. ते सगळ्यांना दिसतं ते कापड मागावरून उतरल्यावरच. लोकरीचे रंग मंजिष्ठा, नीळ अशा वनस्पतींपासून केलेले.

मातीच्या विटांच्या, घुमटांच्या या केंद्राला १९८३ साली आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला. तिथंच विस्सा वासेफ यांनी सासऱ्यांच्या नावानं संग्रहालय बांधलं. १९७४ साली ते गेल्यावर पत्नी सोफी यांनी काम सांभाळलं. पुढच्या पिढीच्या विणकरांपैकी लोकरवाल्यांकडे थोरली मुलगी सुझान, तर सुती विणकाम आणि बाटिक करणाऱ्यांकडे धाकटी योआना लक्ष देऊ लागली. रेखाटन न करण्याचा नियम दोघींनीही मोडला नाही.