स्वस्तातली हत्यारं: कुठं चालतात, कुठं नाहीत

मृग जवळ आला की कोल्हापुरात हत्यारांची खरेदी सुरू होते. लक्ष्मीपुरीतल्या हार्डवेअरच्या दुकानांत कुणी गळक्या पत्र्यासाठी स्क्रू आणि पाना मागतं, कुणी परसातल्या वाफ्यासाठी खुरपं बघतं. रस्त्याकडेला पाल टाकून बसलेल्या घिसाड्यांकडं विळे-कोयते शेवटायला येतात. आणि हल्ली मोबाइलवरून ड्रिलसकट शंभर नगांचा डबा घरपोच येतो. प्रश्न सगळीकडं एकच असतो: स्वस्तातलं घेतलं तर चालेल का? त्यावर एकजण सांगतो, स्वस्त म्हणजे टाकाऊ. दुसरा सांगतो, घरच्या कामाला कुठलंही चालतं. या दोन्ही सल्ल्यांनी लोकांचे पैसे वाया गेले आहेत आणि काहींना इजाही झाली आहे. किमतीवरून हत्याराची पारख होत नाही. हत्याराच्या कोणत्या भागावर जोर येतो आणि तो भाग मोडला तर नुकसान किती, यावरून ती होते.

“स्वस्त हत्यार टिकत नाही”

या समजाला सगळ्यात ठोस उत्तर ऊसतोडीच्या फडात मिळतं. दिवाळीच्या आसपास गळीत हंगाम सुरू झाला की मराठवाड्यातून आलेल्या टोळ्या कोल्हापूर-सांगलीच्या शिवारात उतरतात आणि उन्हाळा लागेपर्यंत रोज ऊस तोडतात. इतकं राबणारं दुसरं हत्यार या जिल्ह्यात सापडणं कठीण. तरीही तो कोयता कुठल्या नामांकित कंपनीचा नसतो, लोहाराच्या ऐरणीवर घडलेला असतो. मजूर कमरेला कानस ठेवतात आणि धार बोथट झाली की जागच्या जागी लावून घेतात.

हा स्वस्त कोयता टिकतो, कारण त्याचं लोखंड योग्य असतं. चांगला लोहार जुन्या ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा वापरतो. त्यात कार्बनचं प्रमाण साधारण अर्धा टक्का किंवा त्याहून थोडं जास्त असतं. असं पोलाद तापवून पाण्यात किंवा तेलात बुडवलं की कडक होतं. साध्या बांधकामाच्या सळईत किंवा पट्टीत कार्बन कमी असतो. ती कितीही तापवली, कितीही पाणी दिलं, तरी धार धरत नाही. म्हणून घिसाड्याकडं किंमत पाडून मागण्याआधी “पाट्याचं आहे का पट्टीचं?” असं विचारावं. तो खरं सांगतो की नाही हे तपासायला कानस पुरे. धारेवरून हलक्या हातानं कानस ओढा. ती लोण्यात शिरल्यासारखी खोल जात असेल तर लोखंड मऊ आहे. जेमतेम चावत असेल तर खुरप्या-कोयत्याला हवा तेवढा कडकपणा आहे. पूर्णपणे घसरत असेल तर पोलाद जास्तच कडक झालं आहे आणि दगडावर बसताच तुकडा उडण्याची भीती आहे.

पाणी दिल्यावर पोलाद ठिसूळ झालेलं असतं, म्हणून ते पुन्हा थोडं तापवतात. तेव्हा पृष्ठभागावर रंग चढतात: सव्वादोनशे अंश सेल्सियसच्या आसपास फिका पिवळा, पुढं तपकिरी, जांभळा आणि तीनशेच्या जवळ निळा. जाणता लोहार या रंगावरून ठरवतो की आता थांबायचं. हे माहीत असेल तर एक महागडी चूक टळते. भारी किमतीची पटाशी किंवा कोयता कोरड्या ग्राइंडरवर दाबून धरला आणि धार निळी पडली, तर तेवढ्या भागाचा कडकपणा गेला. ते हत्यार आता स्वस्तातल्या मऊ हत्याराच्या पंक्तीला बसलं. धार लावताना दर थोड्या वेळानं पाण्यात बुडवा, नाहीतर हातानं कानस किंवा दगड वापरा.

“जड म्हणजे मजबूत”

फाउंड्रीच्या गावात तरी हा समज राहू नये असं मला मनापासून वाटतं. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहतींत ओतकामाचे कारखाने शेकड्यांनी आहेत. तिथल्या कुठल्याही कामगाराला ठाऊक असतं की बीड जड असतं, पण ठिसूळ असतं. घरातला बिडाचा तवा फरशीवर पडला की त्याचे दोन तुकडे होतात, तसाच बिडाचा शिकंजा हातोडीच्या एका तिरक्या घावानं तडकतो. साध्या बिडात ग्रॅफाइट पातळ पापुद्र्यांच्या रूपात पसरलेलं असतं आणि तडा त्या पापुद्र्यांच्या कडेनं पळतो. ओतताना रसात थोडं मॅग्नेशियम घातलं की तेच ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात बसतं आणि धातू ताण सोसू लागतो. हेच एस. जी. आयर्न. १९४०च्या दशकात शोध लागला आणि आता कोल्हापुरात ते रोज ओतलं जातं. दोन्हींचं वजन जवळपास सारखंच आणि बाहेरून रंग दिलेला असतो, त्यामुळं हातात तोलून काही कळत नाही.

याचा अर्थ बिडाचा शिकंजा घेऊच नये असा नाही. घरी पाइप धरायचा, लाकूड कापायचं, सायकलचा भाग पकडायचा, एवढ्याला तो उत्तम चालतो, कारण बीड दाब चांगला सोसतं. त्याच्यावर ऐरणीसारखे घाव घालायचे नाहीत आणि दांड्यात पाइप अडकवून पिळायचं नाही, एवढंच पथ्य.

लोखंडाबद्दलचे गैरसमज या भागात जुनेच आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर तयार केले, तेव्हा लोखंडामुळं जमिनीत विष उतरतं अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर विकायला त्यांना दोनेक वर्षं लागली. नांगर शेतात चालताना दिसला तेव्हाच लोकांचं मत बदललं.

चुंबकाच्या परीक्षेचंही तसंच. चुंबक चिकटला म्हणजे पोलाद चांगलं, असं सांगणारे बरेच भेटतात. साधं मऊ लोखंड, कडक पोलाद आणि बीड, तिन्हींना चुंबक चिकटतो. त्यातून चांगलं-वाईट ठरत नाही. उद्यमनगरातल्या जुन्या फिटरांची रीत जास्त भरवशाची आहे: तुकडा ग्राइंडरला टेकवायचा आणि ठिणग्या बघायच्या. मऊ लोखंडाच्या ठिणग्या लांब आणि सरळ जातात. जास्त कार्बनच्या पोलादाच्या ठिणग्या मध्येच फुटून त्यांना फांद्या येतात. बिडाच्या आखूड आणि तांबूस असतात. दुकानात नव्या वस्तूवर हे करता येत नाही, पण घरी पडलेल्या जुन्या पट्टीचं खुरपं करून घ्यायचं असेल तर आधी एवढं जरूर करून घ्यावं.

“चकाकी आणि छाप बघून घ्यावं”

पान्यावरची चकाकी म्हणजे क्रोमचा मुलामा. तो गंज अडवतो, पाना कडक करत नाही. त्यावर ठोकलेली ‘सीआरव्ही’ ही अक्षरं क्रोम-व्हॅनेडियम पोलादाची खूण आहेत, पण ती कुणीही ठोकू शकतो. पान्याचं तोंड नटावर बसवून हलवून बघणं जास्त उपयोगी. सैल बसणारा पाना नटाचे कोपरे खातो आणि मग तो नट कुठल्याच पान्यानं निघत नाही. पक्कड उजेडासमोर धरा: दात मिटल्यावर मधून किती उजेड दिसतो, सांध्यात डावं-उजवं किती हलते, कापायची धार कागद साफ कापते का. नाशिकमध्ये बनणारी टपारियाची पक्कड बहुतेक वायरमनच्या खिशात दिसते आणि ती काही फार महाग नसते. पक्कड आणि स्क्रूड्रायव्हर यांत अगदी तळाचा माल टाळून मधला घ्यावा, असं माझं मत आहे. घरात ‘स्क्रूच खराब होता’ म्हणून जे सोडून देतात, त्यात पुष्कळदा स्क्रूड्रायव्हरचं टोक मऊ असतं किंवा मापाचं नसतं.

आयएसआयच्या चिन्हाबाबत एक गोष्ट करून बघा. खऱ्या चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक असतो आणि खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक. तो क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या अॅपमध्ये टाकला की परवाना कुणाचा आणि चालू आहे का ते कळतं. नुसतं चिन्ह आहे आणि क्रमांक नाही, तर त्यावर विसंबू नये.

बागेच्या कात्रीचं गणित वेगळं. तासगाव भागातले द्राक्षबागायतदार वर्षातून दोनदा, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी, करतात. एका माणसाच्या हातून दिवसात इतके काप होतात की सिकेटरची स्प्रिंग आणि पकड नीट नसेल तर मनगट धरतं. त्यांनी भारी सिकेटर घेणं हा खर्च योग्यच आहे. गच्चीवर दहा कुंड्या आणि दारात एक जास्वंद असलेल्यानं त्यांची नक्कल करायची गरज नाही. दोन पाती एकमेकांशेजारून सरकणारी कात्री मात्र हवी. एक पातं सपाट पट्टीवर आपटणारी कात्री कोवळी फांदी चिरडते आणि चिरडलेली जागा लवकर सडते.

“जास्त वॉट, जास्त व्होल्ट, म्हणजे जास्त ताकद”

वीज-हत्यारांत सगळ्यात जास्त फसवणूक आकड्यांची होते. स्वस्त कॉर्डलेस ड्रिलवर ‘४८ व्होल्ट’, ‘८८ व्होल्ट’ असं मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. बॅटरी उघडली तर आत बहुधा पाचच लिथियम सेल निघतात. एका सेलचा व्होल्टेज सरासरी ३.६ आणि पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२. पाचांचे होतात १८, पूर्ण चार्ज केल्यावर २१. म्हणजे ‘१८ व्होल्ट’ आणि ‘२१ व्होल्ट’ ही एकाच बॅटरीची दोन नावं आहेत आणि ८८ हा आकडा कुठूनच येत नाही. वॉटचंही तसंच: छापलेला आकडा यंत्र किती वीज ओढतं ते सांगतो, टोकाला किती जोर पोचतो ते नाही.

साधा इम्पॅक्ट ड्रिल स्वस्तातला घेतला तरी विटेच्या भिंतीत फ्रेम, पडद्याची पट्टी, नळाचा क्लिप एवढ्याला वर्षानुवर्षं पुरतो. त्यात दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासून धक्के देतात आणि धक्क्याचा जोर तुमच्या हाताच्या दाबावर ठरतो. आरसीसीच्या बीममध्ये किंवा पेठांतल्या जुन्या घरांच्या काळ्या दगडात तो नुसता गरगरतो. तिथं रोटरी हॅमर लागतो, ज्यात पिस्टननं दाबलेली हवा घाव घालते. वर्षातून एकदा असं भोक पाडायचं असेल तर हॅमर भाड्यानं आणा किंवा कारागीर बोलवा. दोन्हींपेक्षा बिटावर पैसे घालणं शहाणपणाचं, कारण दगडाशी भिडतं ते त्याच्या टोकावर बसवलेलं कार्बाइड.

दोन पिनांचा ड्रिल बघून लोक घाबरतात की अर्थिंग नाही. चौकोनात चौकोन अशी खूण त्याच्यावर असेल तर तो दुहेरी इन्सुलेशनचा आहे आणि त्याला तिसरी पिन लागतच नाही. पण ओल्या अंगणात गवत कापायचं यंत्र चालवताना ही खूण पुरेशी नाही. त्या जोडणीवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असायलाच हवा.

जिथं स्वस्त घेऊच नये

चार इंची अँगल ग्राइंडर मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फेरे घेतो. हिशेब केला तर चकतीची कड तासाला दोनशे किलोमीटरहून जास्त वेगानं फिरत असते. ती फुटली तर तुकडा त्याच वेगानं येतो. म्हणून ग्राइंडर स्वस्त चालेल, पण चकती नामांकित कंपनीचीच घ्यावी. चकतीवर छापलेले कमाल फेरे ग्राइंडरच्या फेऱ्यांपेक्षा कमी नसावेत. मधल्या धातूच्या कड्यावर वापराच्या मुदतीचा महिना आणि साल असतं. राळेनं बांधलेली चकती ओलाव्यानं कमकुवत होते आणि आपल्याकडच्या चार महिन्यांच्या दमट हवेत ती उघडी ठेवणं धोक्याचं आहे. गार्ड काढून टाकणं आणि लाकूड कापायची दातेरी चकती ग्राइंडरला लावणं, या दोन सवयींनी बोटं गेलेली आहेत. शिडी, एक्स्टेन्शन बोर्ड आणि हातोडी यांतही तळाचा माल नको. हातोडीचा दांडा बाभळीचा, पाचर घट्ट, डोकं हलत नाही ना हे बघावं, आणि एका हातोडीवर दुसरी हातोडी कधीही मारू नये: दोन्ही तोंडं कडक असतात आणि उडालेली कपची डोळ्यात जाते.

“पुरात भिजलेलं मशीन वाळवलं की चालतं”

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१च्या पुरांनंतर पंचगंगेकाठच्या किती घरांत ड्रिल, ग्राइंडर, पंप उन्हात मांडून ठेवलेले होते. वरून कोरडं दिसलं तरी आत गाळ राहतो. तो बेअरिंग खातो, आणि वाइंडिंगमध्ये ओल असताना वीज दिली की मोटर जळते किंवा बॉडीत करंट उतरतो. मशीन उघडून, स्वच्छ पाण्यानं गाळ धुऊन, नीट वाळवून, मेगरनं इन्सुलेशन तपासून मगच चालू करावं. वाइंडिंगच्या दुकानात हे काम होतं. बेअरिंग आणि कार्बन ब्रश बदलले की साधा ड्रिल पुन्हा उभा राहतो. म्हणून घेतानाच विचारावं की याचे ब्रश आणि आर्मेचर इथं मिळतात का. मोबाइलवरून आलेल्या अनोळखी छापाच्या मशीनचे सुटे भाग बहुधा मिळत नाहीत आणि ते मशीन पहिल्याच बिघाडाला भंगारात जातं.

हात-हत्यारांचं पुराच्या पाण्यानं फारसं बिघडत नाही, त्याच दिवशी धुऊन पुसली तर. गंज घासून काढा, धातूला मशीनचं तेल लावा. शेंगतेल लावू नका, ते काही दिवसांनी चिकट होतं आणि धूळ धरतं. लाकडी दांड्याला जवसाचं तेल चांगलं. कॉर्डलेस यंत्राची बॅटरी मात्र पाण्यात बुडालेली असेल तर ती वाळवून पुन्हा चार्जला लावायची नाही. लिथियम सेलच्या आत पाणी शिरलं असेल तर चार्ज होतानाच ती पेट घेऊ शकते. ती घराबाहेर, जळाऊ वस्तूंपासून लांब ठेवून ई-कचरा घेणाऱ्यांकडं द्यावी.