पहिल्या पगाराच्या आधी

'एक नूर आदमी, दस नूर कपडा' ही म्हण तुम्ही घरी ऐकली असेल. मराठी माणसेही ती तशीच वापरतात. चांगल्या कपड्याने माणसाचे रूप दसपट खुलते, असा तिचा अर्थ. पण या म्हणीत 'नवा कपडा' असे म्हटलेले नाही. त्याचाच आज आपण विचार करू.

समजा, तुमच्या मोठ्या भावाला किंवा बहिणीला कचेरीत नोकरी लागली. घरात आनंदीआनंद झाला. पण कामावर जायचे एक तारखेला आणि पगार मिळणार महिना संपल्यावर! कचेरीत तर पहिल्या दिवसापासून नीटनेटके कपडे हवेत. चार नवे शर्ट आणि दोन पँटी घ्यायच्या, तर उसने पैसे काढावे लागतील. म्हणजे पहिला पगार हाती येण्याआधीच संपणार. अशा वेळी वापरलेले, पण चांगले कपडे उपयोगी पडतात. पुष्कळांना ते घेण्याची लाज वाटते. ही लाज योग्य आहे का?

आधी हे कपडे येतात कोठून ते पाहू. दारावर येणारी भांडीवाली तुम्हांला माहीत असेल. ती जुन्या साड्या, शर्ट, पँटी घेते आणि बदल्यात स्टीलचे पातेले किंवा डबा देते. मुंबईत या व्यवसायात गुजरातमधून आलेल्या वाघरी समाजातील अनेक कुटुंबे आहेत. गोळा झालेले कपडे निवडले जातात. चांगले कपडे धुऊन, दुरुस्त करून, इस्त्री करून पुन्हा विकायला येतात. फार फाटलेल्या कपड्यांच्या चिंध्या कारखान्यांत यंत्रे पुसायला जातात. हरियाणातील पानिपत शहरात तर जुन्या लोकरी कपड्यांचे पुन्हा सूत काढून ब्लँकेटे विणतात. म्हणजे आपण टाकलेला कपडा वाया जात नाही. अनेकांचे हात त्याला पुन्हा उपयोगी करतात.

जुना कपडा घेताना डोळे उघडे ठेवावेत. प्रथम तो उजेडासमोर धरावा. भिवंडी किंवा मालेगावच्या मुलांना ताणा-बाणा म्हणजे काय हे सांगायला नको. उजेडात जेथे ताणा-बाणा विरळ दिसतो, तेथे कापड लवकरच फाटणार. शर्टाची कॉलर, बाह्यांच्या कडा आणि काखेखालचा भाग तपासावा. पँटीचे गुडघे आणि बसण्याची जागा पाहावी. चेन वरखाली करून बघावी. काखेतला जुना पिवळा डाग सहसा जात नाही. असा शर्ट कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये. आतले कपडे आणि मोजे मात्र नवेच घ्यावेत. वापरलेला बूट पहिल्या माणसाच्या पायाचा आकार घेतो, म्हणून तोही टाळलेला बरा.

यानंतर माप पाहावे. शर्टाच्या खांद्याची शिवण आपल्या खांद्याच्या हाडावर बसली पाहिजे. लांब बाही आखूड करता येते, सैल कंबर आवळता येते. पण खांदा दुरुस्त करणे फार अवघड असते. पँट घट्ट असेल तर ती उलटी करून मागची शिवण पाहावी. तेथे शिंप्याने जादा कापड आत सोडलेले असते. त्याला शिंपी 'माया' म्हणतात. किती सुंदर शब्द! माया असेल तर कंबर थोडी वाढवता येते.

कॉलर घडीवर झिजली असेल, तर कुशल शिंपी ती उसवून, उलटवून पुन्हा शिवतो. झिजलेली बाजू खाली लपते आणि चांगली बाजू वर येते. लहान भोक असेल तर रफूगाराकडे जावे. तो त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागे काढतो आणि भोकाच्या जागी ताणा-बाणा पुन्हा विणतो. काम चांगले झाले, तर भोक कोठे होते ते शोधूनही सापडत नाही.

घरी आणलेला कपडा धुतल्याशिवाय घालू नये. पांढरे सुती कपडे धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्यात भिजवून उन्हात वाळवावेत. रंगीत कपडे उलटे करून सावलीत वाळवावेत. रंग साधे निवडावेत. काळी आणि करडी अशा दोन पँटी व फिकट रंगांचे चार शर्ट असले, तर आठ जोड्या होतात. मुलींनीही एक साधी सलवार, एकाच रंगाची ओढणी आणि तीन-चार कमिजा असा मेळ घालावा. आईची जुनी सुती साडी खळ घालून इस्त्री केली, की कचेरीत उठून दिसते.

आता लाजेविषयी. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये कापडाची टंचाई झाली. १ जून १९४१ पासून तेथे कपड्यांचे रेशनिंग सुरू झाले आणि ते १९४९ पर्यंत चालले. खिशात पैसे असूनही कूपनाशिवाय नवा कपडा मिळत नसे. १९४३ मध्ये सरकारनेच एक पुस्तिका काढून जुने कपडे दुरुस्त करून कसे वापरावेत हे लोकांना शिकवले. ठिगळ लावणे ही तेथे लाजेची नव्हे, शहाणपणाची गोष्ट ठरली.

कचेरीत आपल्या कपड्याचे वय कोणी विचारत नाही. तो स्वच्छ आहे का, अंगाला नीट बसतो का, बटणे जागेवर आहेत का, एवढेच लोकांच्या नजरेला दिसते. नवा पण मळका शर्ट माणसाला शोभा देत नाही. जुना पण धुतलेला, इस्त्री केलेला शर्ट देतो. 'अंथरूण पाहून पाय पसरावे' असे मराठीत म्हणतात; उर्दूत त्याच अर्थाची चादरीची म्हण आहे. ती पाळली, तर पहिला पगार सावकाराकडे न जाता सरळ घरी येईल आणि आईच्या हातावर ठेवता येईल.