विक्रीपूर्व आलेखी गणकयंत्राची ओळख व दोषनिदान

प्रस्तावना : १९८५ मध्ये कॅसिओच्या एफएक्स-७००० जी या यंत्राने आलेख काढणारे गणकयंत्र हाती दिले. अशी यंत्रे विक्रीस येण्यापूर्वी त्यांचे चाचणी-नमुने तयार होतात. त्यांपैकी एखादा जुन्या साहित्यात सापडल्यास घाईच्या दुरुस्तीने त्यातील ऐतिहासिक पुरावा नष्ट होऊ शकतो. प्रस्तुत लेखात १९९९ मध्ये बाजारात आलेल्या टीआय-८३ प्लसच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

ओळख : यंत्राच्या पाठीवरील संकेतात कारखान्याचे अक्षर व त्यानंतर महिना-वर्षाचे चार अंक असतात. ही तारीख विक्रीच्या आधीची असल्यास संशयाला जागा होते. परंतु कवच बदललेले असू शकते, म्हणून एवढा पुरावा पुरेसा नाही. मेमरी यादीतील 'अबाउट' या पर्यायात कार्यप्रणालीची आवृत्ती व उत्पादन-क्रमांक दिसतो. टीआय-८३ प्लसचा हा क्रमांक ०४ ने सुरू होतो. आवृत्ती प्रसृत आवृत्त्यांत न बसणारी असेल, तर पुरावा बळकट होतो.

दोषनिदान : पडदा कोरा दिसल्यास प्रथम चार एएए घट बदलावेत व सेकंड आणि वरचा बाण दाबून गडदपणा वाढवावा. यंत्र सुरू होताच प्रत्येक पडद्याचे छायाचित्र घ्यावे आणि जोडतारेने स्मृतीतील मजकूर संगणकावर उतरवावा. त्यानंतरच मोड, अल्फा, एस या क्रमाने स्वयंचाचणी करावी, कारण तीत रॅममधील मजकूर पुसला जातो.

नवी कार्यप्रणाली भरणे हा अखेरचा उपाय होय. घट काढून, डिलीट कळ दाबून धरून तो पुन्हा बसविल्यास यंत्र प्रणाली स्वीकारण्याच्या स्थितीत जाते. मात्र नवी प्रणाली जुनीस कायमची पुसते. शिवाय यंत्र प्रणालीवरील अंकीय सही तपासते. विक्रीच्या यंत्रांतील ५१२ बिटांच्या किल्लीचे अवयव २००९ मध्ये पाडले गेले. परंतु नमुन्यात निराळी किल्ली असल्यास तिचा उपयोग नाही. जुनी प्रणाली गेली आणि नवी नाकारली गेली, तर यंत्र निरुपयोगी ठरते.

समारोप : सारांश, नोंद, प्रत, चाचणी व शेवटी दुरुस्ती हाच क्रम योग्य होय. नादुरुस्त नमुना पुढे अभ्यासता येतो; पुसलेली प्रणाली मात्र परत मिळत नाही.