असई, जालना आणि मडेरा मद्य

असईची लढाई (२३ सप्टेंबर १८०३) ज्या मुलखांत झाली त्या जालन्यास पुढें इंग्रजांची छावणी होती. त्या काळीं हिंदुस्थानांतील इंग्रज अंमलदारांच्या विशेष आवडीचें मद्य मडेरा हें होय. साधीं द्राक्षमद्यें उष्णतेनें नासतात. ब्रँडी मिसळलेलें हें मद्य उलट सुधारतें, म्हणजे जालन्याच्या उन्हाळ्याचें त्यास भय नव्हतें! हिंदुस्थानची सफर करून परतलेल्या पिंपांस अधिक किंमत येई. पुढें तोच गुण आणण्यास बेटावरच तापविण्याच्या कोठ्या बांधल्या. शंभर वर्षांचें मडेराही चाखण्याजोगें राहतें, तें यामुळेंच.

पोर्तुगीज भाषेंत ‘मडेरा’ म्हणजे लाकूड. संस्कृत ‘मदिरे’शीं त्याचा संबंध नाहीं. तेव्हां जुन्या कागदांत ‘मदिरा’ आढळल्यास ती कोणती, हें नादसाम्यावरून न ठरवितां संदर्भावरून ठरवावें, असें आम्हांस वाटतें.